नकोसे झालेले युद्ध कोण थांबवितो? कायदेमंडळाची सत्ता आणि सालबाईचा तह

ग्वाल्हेरचा टोपी बाजार शहराच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या परिसरात आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली. त्या छावणीचे पुढे शहर झाले, तरी तिचे 'लष्कर' हे नाव कायम राहिले. या शहराचे भवितव्य पाऊण शतकात तीन वेळा एकाच घटनात्मक प्रश्नाशी बांधले गेले. जनतेला नको असलेले आणि खजिना रिता करणारे युद्ध थांबविण्याचा अधिकार कायदेमंडळाला असतो काय, आणि असल्यास तो प्रत्यक्षात कसा चालतो, हा तो प्रश्न होय. पहिल्या वेळी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या सालबाई गावी तह झाला. दुसऱ्या वेळी ग्वाल्हेर शिंद्यांना परत मिळाले. तिसऱ्या वेळी शिंद्यांचे सैन्य मोडले आणि त्यानंतर काही महिन्यांतच गव्हर्नर-जनरलला माघारी बोलाविण्यात आले.

अधिकाराची चार साधने

युद्ध चालविणे हे सर्वत्र कार्यकारी सत्तेचे काम मानले जाते. सैन्याला आज्ञा देणे, शस्त्रसंधी करणे, शत्रूशी बोलणी लावणे ही कामे सभागृहातील चर्चेने होत नाहीत. तरीही कायदेमंडळाच्या हाती चार साधने असतात. पहिले साधन संमतीचे : युद्ध सुरू करण्यापूर्वी किंवा सुरू केल्यावर मान्यता घेण्याचे बंधन कायद्याने घालता येते. दुसरे पैशाचे : युद्धखर्चाची मागणी नामंजूर करता येते. तिसरे उत्तरदायित्वाचे : मंत्रिमंडळावरील विश्वास काढून घेता येतो किंवा युद्धमंत्र्याला जावे लागेल अशी स्थिती निर्माण करता येते. चौथे साधन युद्धकालीन विशेषाधिकारांना मुदत घालण्याचे व तहाला मान्यता देण्या-न देण्याचे आहे. चारांपैकी कोणते साधन हाती आहे आणि तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, यावर कायदेमंडळाचा ठराव आज्ञा ठरतो की केवळ मतप्रदर्शन, हे अवलंबून असते.

१७७३ चा कायदा आणि मुंबईकरांचे युद्ध

पहिले इंग्रज-मराठा युद्ध मुळातच अधिकाराच्या वादातून वाढले. ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई आणि मद्रास इलाख्यांवर बंधन घातले होते. निकडीचा प्रसंग किंवा लंडनच्या संचालकांचा थेट हुकूम सोडल्यास, कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल व कौन्सिलच्या संमतीवाचून त्यांनी एतद्देशीय सत्तांशी युद्ध पुकारू नये किंवा तह करू नये, असे ते बंधन होते. तरीही मार्च १७७५ मध्ये मुंबई सरकारने रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. त्यांना पेशवाईच्या गादीवर बसवावे आणि त्या बदल्यात वसई, मुंबईलगतची साष्टी वगैरे मुलूख घ्यावा, असा तो सौदा होता.

कलकत्त्याच्या कौन्सिलने हे युद्ध अन्याय्य आणि अनधिकृत ठरविले व कर्नल अप्टन याला पुणे दरबाराकडे पाठविले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बळावर वरिष्ठ मंडळाने कनिष्ठ सरकारचे युद्ध थांबविल्याचे हे हिंदुस्थानातील ठळक उदाहरण होय. मात्र ते टिकले नाही. लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला पसंती कळविली. त्याच वर्षी कौन्सिलचे सदस्य मॉन्सन यांच्या मृत्यूमुळे वॉरन हेस्टिंग्जला निर्णायक मत मिळाले आणि मुंबईकरांचा पक्ष बळावला. फिलिप फ्रान्सिस या सदस्याचा विरोध शेवटपर्यंत कायम होता, परंतु तो अल्पमतात होता. कायद्यातील अपवाद आणि कौन्सिलमधील एका मताचा फरक, एवढ्यावर युद्ध पुन्हा पेटले.

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईच्या फौजेला मानहानिकारक करार करावा लागला. पुढे ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने रात्रीच्या वेळी शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. परंतु त्याच वर्षीच्या जुलैत हैदरअलीने कर्नाटकात चढाई केली होती. एकाच वेळी दोन आघाड्या चालविण्याचा खर्च कंपनीला पेलवेनासा झाला.

१७८२ : एक सभागृह, दोन युद्धे

त्याच काळी लंडनच्या कॉमन्स सभागृहासमोर दुसरे, अधिकच अप्रिय झालेले युद्ध होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने अमेरिकनांपुढे शरणागती पत्करली होती. २२ फेब्रुवारी १७८२ रोजी जनरल कॉनवे यांनी अमेरिकेतील युद्ध बंद करण्याचा ठराव मांडला. तो अवघ्या एका मताने फेटाळला गेला. पाचच दिवसांनी, २७ फेब्रुवारीस, तशाच आशयाचा ठराव २३४ विरुद्ध २१५ मतांनी संमत झाला. तिसऱ्या जॉर्ज राजाची युद्ध चालू ठेवण्याची इच्छा होती. तथापि कर आणि कर्ज मंजूर करणारे सभागृहच विरोधात गेल्यावर पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना २० मार्च रोजी पद सोडावे लागले. नव्या मंत्रिमंडळाने बोलणी सुरू केली आणि सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिसचा तह झाला.

मराठ्यांशी चाललेल्या युद्धाची चौकशीही याच सभागृहाने आरंभिली होती. हेन्री डंडास यांच्या अध्यक्षतेखालील गुप्त समितीने युद्धाची कारणे व खर्च तपासून अहवाल सादर केले. हिंदुस्थानात विजय व राज्यविस्ताराच्या योजना आखणे हे राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला विरोधी आहे, असे तत्त्व सभागृहाने स्वीकारले. मे १७८२ च्या अखेरीस हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांना संचालकांनी परत बोलवावे, असा ठराव झाला.

हा ठराव निष्फळ ठरला. संचालक मंडळ काहीसे अनुकूल होते, पण कंपनीच्या भागधारकांच्या सभेने हेस्टिंग्जच्या बाजूने कौल दिला आणि तो १७८५ पर्यंत पदावर राहिला. अमेरिकेतील युद्धाचा पैसा पार्लमेंटच्या मंजुरीने येत होता. मराठ्यांवरील युद्धाचा पैसा बंगालचा महसूल, कंपनीचे कर्ज आणि बनारसच्या चेतसिंगासारख्या संस्थानिकांकडून वसूल केलेल्या रकमा यांतून उभा राहत होता. ज्या पैशाला सभागृहाची मंजुरी लागत नव्हती, त्या पैशावर चालणारे युद्ध सभागृहाला थांबविता आले नाही.

सालबाईचा तह

लंडनमध्ये हा ठराव होण्यापूर्वीच, १७ मे १७८२ रोजी, सालबाई येथे तह झाला होता. कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे यांनी तो केला. महादजी मध्यस्थ होते आणि तहाच्या पालनाचे हमीदारही. हिंदुस्थानातील बातमी लंडनला पोहोचण्यास कित्येक महिने लागत असल्यामुळे ठरावासाठी हात वर करणाऱ्या सदस्यांना युद्ध थांबल्याची वार्ताही नव्हती. पुण्यात नाना फडणीसांनी तहावर मान्यतेची मोहोर उठविण्यास वर्षअखेर गाठली. हैदरअली डिसेंबर १७८२ मध्ये वारला. तोपर्यंत नानांनी दोन्ही दरवाजे उघडे ठेवले होते, असे अनेक इतिहासकार मानतात.

सतरा कलमांच्या या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला वसईसह अन्य मुलूख पेशव्यांना परत मिळाला. रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली व इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. वडगावच्या प्रसंगी इंग्रज फौजेशी दाखविलेल्या वर्तनाबद्दल भरूच महादजींना देण्यात आले. गोव्याच्या वाचकांच्या दृष्टीने आणखी एक कलम लक्षणीय आहे. पेशव्यांनी अन्य युरोपीय राष्ट्रांना आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत, असे ठरले. त्यातून केवळ पोर्तुगीजांची जुनी ठाणी वगळण्यात आली. तिकडे फ्रेंचांचा मार्ग बंद झाला आणि इकडे गोव्याची स्थिती आहे तशी मान्य झाली.

म्हणजे सात वर्षांचे हे युद्ध रिकामी तिजोरी, हैदरअलीचा दबाव आणि महादजींची मुत्सद्देगिरी यांनी संपविले. सभागृहाचा वाटा पुढील युद्धांना बंधन घालण्यापुरता राहिला.

१७८४ चे कलम आणि त्यातील पळवाट

ते बंधन १७८४ च्या पिट यांच्या कायद्यात आले. राज्यविस्तार हा राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध असल्याचे तत्त्व त्यात उद्धृत करण्यात आले. लंडनच्या स्पष्ट हुकुमावाचून गव्हर्नर-जनरलने युद्ध पुकारू नये, असे ठरले. संचालकांचे जे निर्णय सरकारी नियामक मंडळाने मान्य केले, ते उलटविण्याचा भागधारकांचा अधिकारही काढून घेण्यात आला. १७८२ चा अनुभव त्यामागे होता.

मात्र कलमाला अपवाद जोडलेले होते. शत्रूने युद्ध आरंभिले असेल किंवा तशी तयारी केली असेल, तर हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. ज्या राज्याच्या रक्षणाची हमी कंपनीने तहाने दिली आहे, त्याच्यावर आक्रमण होत असल्यासही तीच मोकळीक होती. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या रक्षणाची हमी कंपनीने घेतली आणि अपवादाला आधार मिळाला. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने शिंदे व भोसले यांच्याविरुद्ध युद्ध सुरू केले. असई, लासवारी येथे शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव झाला आणि ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला.

पुढे यशवंतराव होळकरांशी युद्ध जुंपले. कर्नल मॉन्सनची वाताहत झाली आणि १८०५ च्या आरंभी भरतपूरच्या तटापुढे चार हल्ले फसले. कर्ज फुगत चालल्याने लंडनमधील असंतोष वाढला. वेलस्लीच्या जागी वृद्ध कॉर्नवॉलिस यांना शांततेचे धोरण घेऊन पाठविण्यात आले. ऑक्टोबर १८०५ मध्ये गाझीपूर येथे त्यांचे निधन झाले, तरी उत्तराधिकारी बार्लो यांनी तेच धोरण चालविले. नोव्हेंबर १८०५ च्या तहाने ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. लष्करची छावणी, आणि म्हणून आजचा टोपी बाजारही, या माघारीनंतरच उभा राहू शकला.

तिसरा प्रसंग १८४३ चा. जनकोजीराव शिंद्यांच्या मृत्यूनंतर दरबारात तट पडले होते. गव्हर्नर-जनरल एलनबरो यांनी १८०४ च्या बऱ्हाणपूरच्या तहाचा आधार घेऊन सैन्य घुसविले. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार येथे लढाया झाल्या. जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांचे सैन्य ९,००० वर आणण्यात आले. सिंधचे विलीनीकरण आणि एकूण युद्धखोर कारभार यांमुळे नाराज झालेल्या संचालकांनी एप्रिल १८४४ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाची इच्छा डावलून एलनबरो यांना परत बोलाविले. अधिकारी गेला, पण तह तसाच राहिला. युद्ध उरकल्यानंतर वापरलेल्या अधिकाराची मर्यादा येथे दिसते.

खर्च हिंदुस्थानचा, संमती लंडनची

कंपनीचे राज्य संपविणाऱ्या १८५८ च्या कायद्यात दोन तरतुदी होत्या. हिंदुस्थानात युद्धाचा हुकूम दिल्यास तो ठराविक मुदतीत पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांना कळवावा, ही एक. प्रत्यक्ष आक्रमण परतविण्याची किंवा तशीच तातडीची गरज वगळता, हिंदुस्थानच्या सीमेबाहेरील मोहिमांसाठी हिंदुस्थानचा महसूल दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून वापरू नये, ही दुसरी. १८७८ मध्ये दुसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळी ही संमती घेतली गेली आणि सरकारने बहुमताच्या जोरावर ती मिळविली. जुलै १८८० मध्ये मैवंदच्या लढाईत मुंबई सैन्यातील पलटणींची मोठी हानी झाली. तत्पूर्वीच ब्रिटनमधील निवडणुकीत ग्लॅडस्टन यांनी हे धोरण प्रचाराचा विषय करून सत्ता मिळविली होती. १८८१ मध्ये कंदाहार सोडण्यात आले. जे सभागृहातील मतदानाने झाले नव्हते, ते मतपेटीने केले.

ज्यांच्या पैशावर व प्राणांवर हे युद्ध चालले, त्या हिंदी जनतेला मात्र दोहोंपैकी कोणताच मार्ग नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून अंदाजपत्रकावरील भाषणांत लष्करी खर्चावर सातत्याने टीका केली, पण केंद्रीय कौन्सिलला त्या खर्चावर मत देण्याचा अधिकार नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी मध्यवर्ती कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मुंबईच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली. अधिकारच नसलेल्या प्रतिनिधींपाशी एवढाच निषेध उरला होता.

गोवा, १९६१

कायदेमंडळ नामधारी असेल तर शेवटचा निर्णय रणांगणावरील एका माणसावर येऊन पडतो, हे गोव्याने अनुभवले आहे. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझार यांनी गोव्यातील फौजेला अखेरपर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत त्याला आव्हान देईल असा विरोधी पक्षच नव्हता. गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी निरर्थक संहार टाळून १९ डिसेंबर रोजी शरणागती स्वीकारली. त्याची शिक्षा म्हणून त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. आफ्रिकेतील वसाहतींमधील युद्धेही पोर्तुगालच्या कायदेमंडळाने थांबविली नाहीत. त्यासाठी एप्रिल १९७४ मध्ये सैनिकांनाच सत्ता उलथवावी लागली. नव्या राजवटीने व्हासालो ई सिल्वा यांचे पद त्यांना परत दिले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व तहाने मान्य केले.

अमेरिका आणि ब्रिटन

अमेरिकेच्या संविधानाने युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, तर सैन्याचे सेनापतिपद राष्ट्राध्यक्षांकडे आहे. व्हिएतनाम युद्धाला आधार देणारा १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव काँग्रेसने जानेवारी १९७१ मध्ये रद्द केला. युद्ध त्याने थांबले नाही. १५ ऑगस्ट १९७३ नंतर इंडोचायनातील लढाईसाठी पैसा वापरण्यास कायद्याने बंदी घातल्यावरच बॉम्बफेक बंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकार ठराव संमत झाला. त्यानुसार संमती न मिळाल्यास ६० दिवसांत, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवसांत, सैन्य मागे घ्यावे लागते. राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचून केवळ ठरावाने सैन्य परत बोलाविण्याची त्यातील तरतूद मात्र १९८३ च्या चढ्ढा खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुबळी झाली. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तरीही २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियातील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला आणि सरकारने तो कौल मानला.

भारतीय संविधानातील स्थिती

भारताच्या संविधानात युद्ध कोणी पुकारावे याचे स्वतंत्र कलम नाही. अनुच्छेद ५३ प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने विनियमित व्हावा, असे म्हटले आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या १५ व्या नोंदीत 'युद्ध आणि शांतता' हा विषय संसदेच्या विधिक्षेत्रात आहे. म्हणजे सैन्य पाठविण्यापूर्वी संमती घेण्याचा कायदा संसद करू शकते, मात्र अमेरिकेसारखा कायदा तिने केलेला नाही.

उरलेली साधने शाबूत आहेत. अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे आणि संसदेच्या विनियोजन कायद्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या वेळी, मूळ ग्वाल्हेरचे आणि तेव्हा राज्यसभेचे सदस्य असलेले अटलबिहारी वाजपेयी यांनी युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन तातडीने बोलाविण्याची मागणी केली. पंडित नेहरूंनी ती मान्य केली व ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. स्वपक्षीय खासदारांच्या दबावामुळे कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे मराठी माणूस आजही सांगतो. त्या नेमणुकीमागे संसदीय दबावाची ही शक्ती होती.

श्रीलंकेतील शांतिसेनेचे उदाहरण निराळे आहे. जुलै १९८७ च्या करारानंतर गेलेल्या या सेनेने सुमारे १,२०० जवान गमावले. ती पाठविताना संसदेत मतदान झाले नव्हते, परत बोलाविण्यासाठीही झाले नाही. १९८९ च्या निवडणुकीने सरकार बदलले आणि मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली. उलट ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकवरील आक्रमणाची निंदा करणारा ठराव एकमताने संमत केला. त्याला कायद्याचे बळ नव्हते, तथापि इराकमध्ये सैन्य पाठविण्याची अमेरिकेची विनंती त्याच वर्षी जुलैत वाजपेयी सरकारने नाकारली, तेव्हा हा ठराव सरकारच्या पाठीशी होता.

युद्ध संपल्यानंतरही एक प्रश्न उरतो. चीनने २१ नोव्हेंबर १९६२ रोजी युद्धविराम केला, पण त्या युद्धासाठी घोषित झालेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालली. १९७१ चे युद्ध चौदा दिवसांत आटोपले. त्यासाठीची आणीबाणी मात्र मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये यावर उपाय केला. आता आणीबाणीच्या घोषणेला एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते आणि दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी नोटीस दिल्यास चौदा दिवसांत विशेष बैठक होते आणि साध्या बहुमताचा ठरावही आणीबाणी संपविण्यास पुरतो. युद्ध थांबविण्याच्या दिशेने भारतीय संविधानाने लोकसभेला दिलेला हा सर्वांत स्पष्ट अधिकार होय. शांतता करताना देशाची भूमी द्यावयाची असल्यास घटनादुरुस्ती आवश्यक आहे, हेही बेरुबारी प्रकरणी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

या साधनांचा उपयोग ती वापरणाऱ्यांवर अवलंबून आहे. संरक्षण खात्याच्या मागण्या अनेकदा चर्चेवाचून, इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर एकगठ्ठा मतास टाकल्या जातात. संसदीय परिभाषेत त्यालाच गिलोटिन म्हणतात. पुरवणी मागण्या तर क्वचितच वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. १७८२ मध्ये कॉमन्स सभागृहाने एक युद्ध थांबविले आणि दुसऱ्यापुढे ते हतबल ठरले. फरक होता तो खर्चावरील ताब्याचा. मतदारसंघातील खासदाराने युद्धप्रसंगी कोणते भाषण केले, याइतकेच त्याने संरक्षण खर्चाच्या मागण्यांवर काय विचारले आणि कोणते मत दिले, हे मतदाराने पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.